टँकर न आलेला उन्हाळा

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत दर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर यायचे. यंदा एप्रिल संपत आला तरी एकही आला नव्हता. सगळे जण नवे सेक्रेटरी राजाराम सावंत यांचं कौतुक करत होते. संघमित्राला मात्र ते खटकत होतं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची आणि कारण कळल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची नाही. पाऊस वाढला नव्हता, माणसं कमी झाली नव्हती, मग पाणी पुरतंय कसं? सावंतांनी मुख्य पाइपलाइनवर चोरून जोडणी तर घेतली नाही ना? पकडले गेले तर सगळ्या बिल्डिंगचं पाणी तुटणार.

तिने नवऱ्याला, धम्मपालला बोलून दाखवलं. पाणी येतंय तर कशाला उकरून काढतेस, असं म्हणून तो आंघोळीला गेला.

रविवारी सकाळी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तर सावंत टाकीत बांबू घालून पाण्याची उंची बघत होते. तिने सरळ विचारलं. ते हसले, लोक शहाणे झाले म्हणाले आणि घाईघाईने जिना उतरले. तिचा संशय आणखी पक्का झाला. वॉचमनला घेऊन तिने पंपाची खोली पाहिली, मीटरपासूनचा पाइप तपासला. नवीन काहीच नव्हतं.

घरी येऊन तिने बादली नळाखाली लावली आणि चहा टाकायला गेली. मागच्या वर्षी तेवढ्या वेळात बादली भरून वाहत असायची. हल्ली ती तेवढ्यात भरतच नाही, हे तिला आज जाणवलं. धार तर नेहमीसारखी जाड दिसत होती. तिने धारेखाली हात धरला. पाणी मऊ लागलं, फेसाळ. नळाचं तोंड फिरवून काढलं तर आत बारीक जाळी आणि बारक्या भोकांची चकती.

सासूला विचारल्यावर कळलं, दिवाळीनंतर सोसायटीचा प्लंबर गळके नळ फुकट दुरुस्त करून गेला होता. सगळ्यांच्याच घरी.

चकती मुठीत धरून ती सावंतांच्या दारात उभी राहिली. त्यांनी लपवलं नाही. हवा मिसळून धार फुगते, पाणी कमी लागतं, असं त्यांनीच समजावून सांगितलं.

"काका, आधी विचारायचं ना."

"विचारलं होतं की. मीटिंगमध्ये. पाणी वाचवायला नळांना जाळ्या लावू का म्हणून."

"आणि आम्ही नको म्हटलं होतं."

सावंत म्हणाले, "पण कुणाला काही कमी पडलं काय? खरं सांग."

कमी काहीच पडलं नव्हतं, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. पुढच्या मीटिंगमध्ये तुम्हीच सांगा, नाहीतर मी सांगेन, एवढं बोलून ती निघाली.

सावंतांनी स्वतः सांगितलं. आरडाओरडा झाला. दोघा-तिघांनी त्याच संध्याकाळी जाळ्या काढून फेकल्या. बाकीच्यांनी राहू दिल्या. संघमित्रानेही आपली परत बसवली. सावंत सेक्रेटरी राहिले, पण एका अटीवर: कुठलंही काम संघमित्राने पाहिल्याशिवाय व्हायचं नाही.

जूनमध्ये जिन्यातले दिवे बदलायचे ठरले. सावंतांनी नवा दिवा तिच्या हातात दिला आणि यात काही नाही, साधा दिवा आहे म्हणाले. तिने तो उलटसुलट करून पाहिला. तसं काही दिसलं नाही. तरी ती त्यांना म्हणाली, "हा आधी माझ्या मजल्यावर लावा. आठवडाभर बघते."

सावंतांनी शिडी उचलली.