डॉक्टर होकारचं बंद तोंड

बायको जाऊन तीन महिने झाले होते आणि डॉक्टर होकार काही केल्या मरत नव्हता. चित्रकाराने त्याला आधी उंच इमारतीवरून ढकलून पाहिलं, मग नदीत बुडवून पाहिलं. दोन्ही पानं फाडून टाकली. एकतीस वर्षं ज्याला पोसलं त्याला असं कुठंतरी नेऊन टाकायला हात धजत नव्हता.

डॉक्टर होकार हा चित्रकथांच्या एका मासिकातला खलनायक. किडकिडीत, टक्कल पडलेला, अंगात बाराही महिने एकच कोट. मारामारी त्याला जमत नसे. तो फक्त समोरच्याकडे बघायचा, आणि समोरचा त्याला हवं ते करायला लागायचा. वर त्या माणसाला वाटायचं, हे आपल्याच मनात आलं. पहारेकरी आपल्या हाताने कुलपं उघडून द्यायचे, न्यायाधीश स्वतःलाच शिक्षा सुनावायचे. डॉक्टरला पकडणारा एक नायकही होता, पण त्याचं नाव विचारलं तर वाचक डोकं खाजवत. डॉक्टरचं नाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

चित्रं नवऱ्याची आणि अक्षरं बायकोची, अशी कामाची वाटणी होती. तो चौकटी आखायचा, माणसं काढायचा, बोलण्याच्या फुग्यांसाठी जागा सोडायचा आणि पान टेबलाच्या पलीकडे सरकवायचा. पलीकडे ती बसलेली असे. ती पेन्सिलने बारीक ओळी आखायची, टाकाने अक्षरं लिहायची, भोवती फुगा काढायची आणि शेवटी फुग्याला शेपूट जोडायची. ज्याचं बोलणं असेल त्याच्या तोंडाकडे शेपूट. डॉक्टरच्या बोलण्यासाठी तिची वेगळी रीत होती. त्याच्या अक्षरांवर ती शिरोरेघ ओढत नसे. त्यामुळे ती अक्षरं सुटी सुटी, बोडकी दिसायची, आणि फुगा डॉक्टरचा आहे हे लांबूनच कळायचं.

दुसऱ्या वर्षी एक घोटाळा झाला. पानं छापखान्यात जायचा दिवस होता, घरात लेक तापाने फणफणली होती, आणि त्या गडबडीत डॉक्टरच्या एका फुग्याचं शेपूट पहारेकऱ्याच्या तोंडाला जोडलं गेलं. अंक छापून आला तेव्हा चित्रकाराने घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरचं तोंड बंद, आणि त्याचे शब्द पहारेकऱ्याच्या तोंडातून बाहेर पडतायत. पण पंधरा दिवसांत वाचकांच्या पत्रांचा ढीग आला. लोकांना घाम फुटला होता. एका बाईने लिहिलं, आमचे हे आता दिवा लावून झोपतात. तेव्हापासून तो नियमच झाला. डॉक्टरने कधी तोंड उघडायचं नाही. त्याची बोडकी अक्षरं नेहमी दुसऱ्याच्या तोंडी.

'हिची चूक आणि माझं नशीब,' असं चित्रकार सगळ्यांना सांगायचा. ती शेजारी बसून हसायची.

तिच्या आजारपणात आधीची तयार पानं पुरवून पुरवून वापरली. ती पानं संपली तेव्हा संपादकाचा फोन आला. मासिक आधी संपादकाच्या वडिलांचं होतं, त्यामुळे तो चित्रकाराला काका म्हणायचा.

"काका, घाई नाही. पण अक्षरांचं काय करायचं? कॉम्प्युटरवर काकूंच्या वळणाची अक्षरं बसवून देतात म्हणे."

"नको," चित्रकार म्हणाला. आणि मग, कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर तिच्याबरोबरच संपवायचा. शेवटच्या अंकात त्याचे फुगे रिकामे ठेवायचे. तिचीच तशी इच्छा होती."

मग संपादक हळूच म्हणाला, "रिकामे? लोकांना वाटेल, छापखान्यात शाई संपली."

"तिची इच्छा होती रे."

"मग प्रश्नच मिटला, काका."

खरंच मिटला. हे वाक्य हल्ली त्याला चांगलं वश झालं होतं. मेहुणीला बाहेरच्या खोलीत लग्नाचा फोटो लावायचा होता. 'तिला तो आवडायचा नाही,' एवढं तो म्हणाला आणि मेहुणीने खिळा खाली ठेवला. खरं तर त्या फोटोत तोच भेदरलेल्या बोकडासारखा दिसत होता. शेजारीण जेवणाचा डबा पाठवते म्हणाली. 'तिला नसतं चाललं,' आणि डबा बंद. गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? तोही खोटं बोलत होता असं नाही. बोलून झालं की त्याला मनापासून वाटायचं, हो, ती असंच म्हणाली असती. मग दोन दिवसांनी वाटायचं, म्हणालीच होती.

रविवारी सकाळी लेक आली. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. नद्यांची आणि गावांची नावं नकाशावर बसवायची हे तिचं काम. लहानपणी आईच्या कच्च्या पानांवर अनुस्वार द्यायला ती हट्टाने बसायची, म्हणून घरात तिचं नाव टिंबू पडलं ते पडलंच. आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं होतं.

तिने पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. डॉक्टरच्या जुन्या एका पानाची नक्कल होती, आणि सगळे फुगे तिने स्वतः लिहिले होते.

"महिनाभर बसले त्याच्यावर," ती म्हणाली. "आईसारखं नाही आलंय. पण मी लिहीन, बाबा. चालू ठेवू या."

चित्रकाराने पानाकडे नीट पाहिलंही नाही. "संपादकाशी बोलणं झालंय. हा शेवटचा अंक. फुगे रिकामे राहणार."

"का?"

"तुझ्या आईची इच्छा होती. म्हणाली, माझ्यामागे दुसऱ्या कुणाचा हात याला लागू नये."

टिंबूचा चेहरा उतरला. तिने पान गुंडाळायला घेतलं. गुंडाळता गुंडाळता थांबली.

"दुसऱ्या कुणाचा म्हणजे माझासुद्धा?"

"तसंच म्हणाली."

"कधी?"

"दवाखान्यात. शेवटी शेवटी."

"शेवटचे अकरा दिवस तिच्या घशात नळी होती, बाबा."

"लिहून दाखवलं तिने."

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं की आपण खड्ड्यात आणखी एक पायरी उतरलो. टिंबूने पर्स उघडली आणि एक छोटी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. कोपरे दुमडलेली, वर दवाखान्याच्या औषधाचा पिवळा डाग. ही वही कुठं गेली म्हणून त्याने कपाटं उपसली होती.

"तुझ्याकडे होती होय?"

"मला हवी होती म्हणून नेली. विचारायला पाहिजे होतं, चुकलं माझं. आता दाखवा कुठं लिहिलंय ते."

त्याने चष्मा लावला. पहिलं पान उघडलं. पाणी. उशी वर. पंखा कमी. नर्सला म्हणावं हळू. हात थकलेला, शिरोरेघ ओढायचं बळ नव्हतं. सगळी अक्षरं बोडकी. एवढी वर्षं ज्या अक्षरांत तिने त्या टकल्याचे हुकूम लिहिले, त्याच अक्षरांत आता तिचे स्वतःचे. अख्ख्या संसारात तिने त्याला एवढे हुकूम सोडले नव्हते. दाढी करा. तुम्ही जेवलात का. आणि त्याखाली, त्याने हो म्हटल्यावर लिहिलेलं: खोटं.

तो सावकाश पानं उलटत गेला. घरी जा झोपा. टिंबूला ओरडू नका. डॉक्टर होकारचं कुठं नावही नव्हतं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर फक्त 'खिडकी' होतं. उघडायची की लावायची, ते त्या दिवशी दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी उघडली तेव्हा तिने डोळे मिटले, लावली तेव्हाही मिटले.

"तुला काय वाटतं," त्याने विचारलं, "उघडी हवी होती?"

"मला नाही माहीत."

"मी सगळ्यांना सांगतो, उघडी हवी होती म्हणून. शेवटी तिने वारा मागितला, असं."

"ऐकलंय मी. मावशीला सांगताना."

त्याने वही मिटली. बाहेर कुणीतरी गाडी धुत होतं, बादलीचा आवाज येत होता. त्याला ते पहारेकऱ्याचं चित्र आठवलं, शेपूट चुकलेलं. हिची चूक, हिची चूक, असं आपण तीस वर्षं सांगत आलो. पण ती स्वतः कधी म्हणाली होती का, की माझी चूक झाली? त्याने खूप आठवून पाहिलं. ती हसलेली तेवढी आठवत होती. कदाचित ती चूक नसेलही. कदाचित तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन तिने पुरतं समजून उमजून ते शेपूट तिकडे वळवलं असेल. विचारायला तीस वर्षं होती.

"ती नाही म्हणाली," तो म्हणाला. "मी म्हणतोय. दुसऱ्या कुणी त्या जागी बसून ते फुगे भरलेले मला बघवणार नाहीत. तू बसलेली तर नाहीच नाही. तू खाली मान घातलीस की तिच्यासारखी दिसतेस."

टिंबूने नाक ओढलं. "हे सरळ सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते."

"म्हणून."

"मग आता भांडते," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून खरोखर भांडली. म्हणाली, तुम्हाला बघवत नाही म्हणून मी काय करायचं? तुम्हाला रोज या टेबलाशी बसता येतं. मी कचेरीत नद्यांची नावं लिहिते आणि घरी जाते. ती माझी पण आई होती. मला तिच्याजवळ बसायला जागा कुठंय? म्हणाली, महिनाभर लिहीत होते तेव्हा पहिल्यांदा मला पोटभर रडू आलं. तो म्हणाला, टाक कसा धरायचा ते तरी येतं का तुला, नकाशावाले तुम्ही, बटणं दाबणारे. ती म्हणाली, तुम्हाला तरी कुठं येत होतं, तुमचे शाईचे डाग आईच पात्याने खरवडायची. तो म्हणाला, कोण म्हणतं? ती म्हणाली, मी म्हणते, मी बघितलंय.

तीन महिन्यांत त्याच्याशी कुणी असं भांडलं नव्हतं. सगळे मान डोलवून निघून जात होते.

थोड्या वेळाने त्याने संपादकाला फोन लावला.

"ते रिकाम्या फुग्यांचं मी तुला सांगितलं ना, ती तिची इच्छा नव्हती. माझी होती."

"काकूंची नव्हती?"

"नव्हती."

"मग काका, स्पष्टच बोलतो," संपादक म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून कळलं की किती दिवस त्याने हे दाबून ठेवलं होतं, "कल्पना भंगार आहे."

"ते कळलं मला. लेक लिहील म्हणते. आधी मी बघतो, मग तुला सांगतो."

फोन ठेवून त्याने डॉक्टरला मारायच्या बेताचं तिसरं पान बाजूला सारलं आणि एक जुनं, पेन्सिलीत राहून गेलेलं पान काढलं. टेबलावरून पलीकडे सरकवलं. टिंबू पलीकडच्या खुर्चीत बसली. त्याने मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं. टाक कागदावर खरखरायला लागला. हा आवाज वेगळा होता, जास्त दाबून लिहिल्याचा. तो उठून गेला नाही, एवढंच.

तासाभराने तिने पान त्याच्याकडे फिरवलं. चौकटीत तिकीट तपासनीस उभा होता आणि डॉक्टरचे शब्द त्याच्या तोंडी होते. अक्षरं बोडकी होती, ठीक होती, पण ओळीच्या शेवटी दाटून बसली होती, नकाशात कोपऱ्यातल्या गावाचं नाव कोंबतात तशी.

चित्रकार बराच वेळ बघत राहिला. टिंबू बोटावरची शाई पुसत होती. पुसून झाली तरी पुसत होती.

"बाबा," तिने विचारलं, "आईला आवडलं असतं?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पोर महिनाभर खपली होती, आणि एवढ्या एका शब्दाने तिचा चेहरा उजळला असता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला विचारशील तर ओळीचा शेवट चुकलाय. पुढची अक्षरं मोजून घेत नाहीस तू."

टिंबूने पान आपल्याकडे ओढलं, दिव्याखाली आडवं धरून पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "दाटलंय खरं. खरवडायचं पातं कुठं ठेवलंय?"