एमेटचा अर्धा गुण

तेवीस वर्षं व्हर्ना स्टोल्झ लेकफोर्डच्या बार्जमेन या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कचेरीत काम करत होती. ड्राफ्टच्या दिवशी, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडायचे त्या दिवशी, तिथल्या बैठकीच्या खोलीत मात्र तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बोलणं पुरुषांचं आणि कार्डं व्हर्नाची, असाच तिथला रिवाज होता. भिंतभर भोकांचा फळा, त्यावर खिळे आणि खिळ्यांवर कॉलेजातल्या पोरांच्या नावांची कार्डं. नाव, कॉलेज, उंची, वजन आणि कोपऱ्यात लाल शाईत गुण. सातापैकी. न्यूयॉर्कहून फोनवर एखाद्या संघानं एखादं नाव उचलल्याचं कळलं की व्हर्ना उठायची, ते कार्ड काढून खोक्यात टाकायची आणि पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसायची.

त्या काळी टीव्हीवर यातलं काही दिसत नसे. मे महिन्यातला एक साधा मंगळवार. तळ्यावरून गार वारा यायचा, बाहेर बंदरात बोटींचे भोंगे वाजत असायचे आणि आत दहाबारा माणसं सिगारेटच्या धुरात बसून पुढच्या वर्षाचं नशीब ठरवायची.

त्या वर्षी नशिबाची फार गरज होती. दोन हंगामांत मिळून बार्जमेननी चार सामने जिंकले होते. क्वार्टरबॅक नव्हता, हेच मूळ दुखणं. ज्याच्या हातातून प्रत्येक चेंडू सुटायचा तोच माणूस धड नसेल, तर बाकीच्या दहांनी जीव काढून काय होणार? शहरातल्या बायकासुद्धा मासळीच्या दुकानात रांगेत उभ्या राहून हेच बोलायच्या. सगळ्यांत तळाच्या संघाला पहिली निवड मिळते, पण बार्जमेनना तेही जमलं नव्हतं. त्यांच्याहून वाईट एक संघ निघाला होता, म्हणून त्यांचा नंबर दुसरा.

खिडकीपाशी नेहमीच्या जागी एमेट लिंडक्विस्ट बसला होता. संघाचा सर्वांत जुना स्काउट. पोरं हेरत गावोगाव हिंडण्यात त्याचा जन्म गेला होता. जूनमध्ये तो निवृत्त व्हायचा होता. त्याला एवढंच हवं होतं, की हा शेवटचा ड्राफ्ट आपलं नाव न निघता पार पडावा.

कारण सहा वर्षांपूर्वी ते फार निघालं होतं. तेव्हा एमेटनं टेबलावर मूठ आपटून ड्वाइट सीली नावाचा क्वार्टरबॅक घ्यायला लावला होता. सीलीला हातात आलेला चेंडू कुणाकडे टाकायचा हेच शेवटपर्यंत उमगलं नाही. चार वर्षं लोकांनी त्याला शिव्या घातल्या आणि एमेटलाही सोडलं नाही. न्हावी दाढी करताना विचारायचा, "काय एमेट, यंदा कुठला सीली आणतोस?" एमेटनं कानाला खडा लावला. तेव्हापासून क्वार्टरबॅक कितीही आवडला तरी तो मनात येईल त्या आकड्यातून अर्धा गुण कापायचा आणि मगच कागदावर लिहायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्याचे सगळे कागद व्हर्ना टाइप करायची. सहा वर्षं एकाच माणसाचे आकडे टाइप केले की त्याच्या मनात कुठे खोट आहे ते कळतंच.

आणि त्या वर्षी तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. प्रवासाची तिकिटंही तीच काढायची. साउथ डकोटातल्या एका चिमुकल्या कॉलेजात ऑरिन टॉर्विक नावाचा पोरगा होता. एमेट त्याला बघायला सप्टेंबरात गेला, मग ऑक्टोबरात गेला. नोव्हेंबरात तर रजा टाकून स्वतःच्या गाडीनं गेला. जाताना तिच्याकडून रस्त्यांचा नकाशा मागून नेला आणि म्हणाला, बहिणीकडे चाललोय. एमेटला बहीण नव्हती.

परत येऊन त्यानं टॉर्विकचे गुण लिहिले, सहा पूर्णांक एक. त्याला बघितलेला स्काउट एमेट एकटाच, त्यामुळे फेब्रुवारीच्या बैठकीत तोच आकडा कायम झाला. साडेसहाच्या खाली असलेल्या पोराला बघायला मुख्य प्रशिक्षक डच ब्रॅनिगन कधी जात नसे. गेला नाही. टॉर्विकचं कार्ड तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या पोरांमध्ये, खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या वर कुठेतरी लटकत राहिलं.

दहा वाजता फोन वाजला. मॅनेजर प्रायरनं ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवला.

"गेला," तो म्हणाला. "चिप व्हॉन गेला. पहिल्याच निवडीत."

व्हॉन हा त्या वर्षीचा सगळ्यांत नावाजलेला क्वार्टरबॅक. गुण सहा पूर्णांक आठ. व्हर्नानं उठून त्याचं कार्ड काढलं.

"आता आपल्याकडे पंधरा मिनिटं आहेत," प्रायर म्हणाला. "बोला."

"बोलायचं काय?" डच म्हणाला. "खालचा घ्या. गॅरी पेल. साडेसहा."

"पेल तुला आवडतो?"

"मला माझी सासूही आवडत नाही. पण रविवारी जेवायला तिच्याकडेच जावं लागतं."

दोघंतिघं हसले. एमेट खिडकीबाहेर बघत होता. व्हर्ना फळ्याजवळच उभी होती. तिनं बसायला हवं होतं. ती बसली नाही. रेडिएटरपाशी गेली, वाकून एक कार्ड खिळ्यावरून काढलं आणि ते हातात धरून वळली.

"एमेट," ती म्हणाली, "हे कुठे लावू?"

खोलीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली. एमेटनं चष्मा नीट करून कार्डाकडे बघितलं.

"आहे तिथेच लाव की."

"तिथेच?"

"आकडा आहे ना त्यावर लिहिलेला."

"आकडा मीच टाइप केलाय," व्हर्ना म्हणाली. "मी आकडा विचारत नाहीये. तिसऱ्यांदा कशाला गेला होतास, ते विचारतेय."

"व्हर्ना, हे काय चाललंय?" प्रायर म्हणाला.

"थांबा, मिस्टर प्रायर. मिनिटभर." तिनं कार्ड एमेटपुढे धरलं. "सहा पूर्णांक एकच्या पोरासाठी कुणी बर्फातून सातशे मैल गाडी हाणत नाही. नसलेल्या बहिणीचं नाव सांगून."

प्रायरनं घड्याळाकडे बघितलं. शेवटी एमेटनं खुर्ची वळवली.

"तो सहा पूर्णांक सहाचा आहे," तो म्हणाला. "अर्धा मी कापला. सीली झाल्यापासून सगळ्यांचाच कापतो."

"सगळ्यांचा म्हणजे?" डचनं विचारलं. "पेलचासुद्धा?"

"पेलला आणखी दोघांनी बघितलंय. त्यांच्या सरासरीत माझा अर्धा बुडून जातो. टॉर्विकला मी एकट्यानंच बघितलं."

"म्हणजे तू घाबरलास आणि त्यापायी मी तो पोरगा बघायला गेलो नाही."

"हो."

डचनं टोपी काढून टेबलावर ठेवली. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. पण तो ओरडला नाही. "चांगला आहे?" त्यानं विचारलं.

"अंगावर दोघं धावून येत असतात, तेव्हाही तो ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्या तिसऱ्याकडे बघत असतो. शांतपणे. मला आयुष्यात असे दोनच भेटले."

"दुसरा कोण?"

"दुसरा आपण घेतला नाही. माझ्या आधी इथे होता त्या स्काउटनं नको म्हटलं."

डचनं मान हलवली. "एमेट, मी तुझ्यावर विश्वास ठेवतो. पण डोळ्यांनी न बघितलेला पोरगा मी दुसऱ्या नंबरवर नाही घेऊ शकत. लोक मला तळ्यात बुडवतील. त्याला सांभाळणारा भिंतीसारखा एखादा घेऊ आत्ता, आणि दुसऱ्या फेरीत त्याचं नाव देऊ. डकोटातल्या पोराला तोवर कोण घेतंय?"

ते खोलीत सगळ्यांनाच पटलं, आणि पटण्यासारखंही होतं. त्यांनी नेब्रास्काचा एक अवाढव्य पोरगा घेतला. व्हर्नानं टॉर्विकचं कार्ड फळ्याच्या मधोमध, एका मोकळ्या खिळ्यावर लावलं.

मग वाट बघणं सुरू झालं. मध्ये सत्तावीस नावं जायची होती. फोन वाजायचा, प्रायर नाव सांगायचा, व्हर्ना कार्ड काढायची. दुपारी हॅमची सँडविचं आली. एमेटनं खाल्लं नाही. अठराव्या नावाच्या वेळी तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"माझ्यावर रागावलायस?" तिनं हळूच विचारलं.

"फेब्रुवारीत का नाही बोललीस?"

"फेब्रुवारीत मला वाटलं, तू बोलशील."

तेविसावं नाव आलं तेव्हा प्रायरनं ते लगेच सांगितलं नाही. फोन खाली ठेवला आणि फळ्याकडे बघितलं. व्हर्नाला तेवढ्यानंच कळलं. शेजारच्याच राज्यातल्या संघानं टॉर्विक उचलला होता. बार्जमेनचा वर्षातून दोनदा ज्याच्याशी सामना व्हायचा, नेमका तोच संघ. नोव्हेंबरात डकोटातल्या एका कॉफीच्या दुकानात त्यांचा स्काउट एमेटला भेटला होता. दोघांनी एकमेकांना बहिणीकडे आल्याचं सांगितलं होतं.

व्हर्ना गेली, कार्ड काढलं आणि खोक्यात टाकलं.

"फोन मोकळा आहे का?" एमेटनं विचारलं.

दुसऱ्या संघानं घेतलेल्या पोराला स्काउट कधी फोन करत नाही. प्रायरनं दुसरा फोन त्याच्याकडे सरकवला. डकोटात टॉर्विकच्या आईनं फोन उचलला असावा, कारण एमेट म्हणाला, "नाही, नाही, ट्रॅक्टर थांबवू नका. पेरणीची वेळ आहे. फक्त सांगा, लेकफोर्डचा म्हातारा म्हणाला, शाब्बास."

जूनमध्ये ठरल्याप्रमाणे एमेट निवृत्त झाला. पेलला बार्जमेननी दुसऱ्या फेरीत घेतलं. तो दोन वर्षं खेळला आणि पुढे इन्शुरन्स विकायला लागला. टॉर्विक दहा वर्षं खेळला. दर शरदात तो लेकफोर्डला यायचा, तळ्यावरच्या वाऱ्यात चेंडू सरळ रेषेत फेकायचा आणि जिंकून निघून जायचा.

एमेटची बायको वारल्यावर त्या सामन्याला तो आणि व्हर्ना एकत्र जाऊ लागले. पांघरूण आणि सूपचा थर्मास घेऊन, वरच्या रांगेत. एकदा टॉर्विकनं शेवटच्या मिनिटाला सामना काढला. अंगावर दोघं धावून आले होते आणि तो शांतपणे तिसऱ्याकडे बघत होता. मागच्या रांगेतला एक जाडजूड माणूस कपाळावर हात मारून बायकोला म्हणाला, "हा आपल्याला मिळत होता म्हणे. कुठल्या गाढवानं सोडला याला?"

व्हर्नानं एमेटचा हात धरायला हात पुढे केला, पण तोवर तो मागे वळला होता.

"मी," एमेट म्हणाला.

त्या माणसाला ती थट्टा वाटली. तो मोठ्यानं हसला आणि त्यानं शेंगदाण्यांची पिशवी पुढे केली. एमेटनं मूठभर घेतले, अर्धे व्हर्नाला दिले, आणि दोघं पुन्हा मैदानाकडे बघू लागले.