बाबा गप्प बसले तेव्हा

कॅन्सरनं बाबांची भूक नेली, केस नेले, पण त्यांच्यातला शिंपी काही त्याला नेता आला नाही. सोमवारी त्यांना भ्रम झाला आणि ते वॉर्डातल्या प्रत्येकाची हवेत मापं घेऊ लागले. मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "पोट सुटलंय, कापड जास्त लागेल." आणि मला, पोटच्या पोरीला, म्हणाले, "ताई, तुमचे कपडे परवा मिळतील." हसावं की रडावं कळेना. त्यांनी मला ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

नर्सबाई रोज दोनदा कागदावर गुण मांडायच्या. बडबड, गोंधळ, लक्ष, झोप. गुण जितके जास्त, तितका भ्रम वाईट. सोमवारी चौदा होते.

बुधवारी बाबा एकदम गप्प. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी खूश! आईला फोनवर "उतार पडला" म्हणून सांगून टाकलं, अख्ख्या वॉर्डाला चहा पाजला. मग नर्सबाईंनी बाबांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. एकवीस गुण.

"अहो, शांत आहेत की ते!" मी भांडायलाच उठले.

"हाच भ्रम फसवतो," नर्सबाई म्हणाल्या. "बडबडणाऱ्याकडे सगळे धावतात. गप्प पडलेल्याकडे कुणी बघत नाही."

त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं, बाबांचं रक्त तपासलं. रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं, त्यानंच हा भ्रम. सलाईन लागलं, औषध सुरू झालं. उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. नक्की, असं म्हणाले नाहीत. दोन दिवस मी त्यांना चष्मा लावून, हात धरून सांगत बसले, "बाबा, आज गुरुवार. मी तुमची मुलगी." "बाबा, आज शुक्रवार. मी तुमची मुलगी."

शनिवारी सकाळी त्यांनी डोळे उघडले. मला खालीवर न्याहाळलं. कपाळाला आठी पडली.

"हा खांदा कुणी कापलाय?"

"रेडीमेड आहे," मी चाचरत म्हटलं.

"रेडीमेड? घरात शिंपी असताना? चिमे, लाज नाही वाटत?"

चिमे! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नर्सबाई धावत आल्या. बाबांनी उलटे वार धडाधड म्हटले आणि वर त्यांनाच विचारलं, "आता सुलटे म्हणू का?" तीन गुण.

मी आईला फोन लावला. बुधवारपासून तिचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता.

"खरंच उतार आहे? कशावरून?"

"सकाळपासून मला शिव्या घालतायत."

आई हसत सुटली, मग रडली, मग म्हणाली, "घालू देत. मी आलेच."