करडीचं तेल आणि त्रिवेणीचा हात

परभणीत बोलिंग म्हटलं की लोकांना क्रिकेटच आठवतं. त्यामुळे बसवराजअप्पांच्या तेलघाण्यामागच्या गोदामात लांबलचक लाकडी पट्टी, म्हणजे लेन, घातली गेली आणि तिच्या टोकाच्या दहा पिना जड बॉल सोडून पाडायचा खेळ सुरू झाला, तेव्हा गावानं चार दिवस गर्दी केली आणि मग खुशाल पाठ फिरवली. हौस अप्पांच्या थोरल्या मुलाची, शिवकुमारची. तो नोकरीला हैदराबादला गेला, तिथलाच झाला, आणि लेन उरली धाकट्या बहिणीच्या, त्रिवेणीच्या वाट्याला. पोरीनं मात्र त्यात जीव ओतला. आता येत्या रविवारी पुण्यात राज्याच्या संघाची निवड होती.

गेल्या वर्षी तिथंच ती सपशेल आपटली होती. घरच्या लेनला तेल कधी लागलंच नव्हतं. कोरड्या लाकडावर तिचा बॉल लवकर पकड घ्यायचा आणि डावीकडे वळून पिनांच्या मधोमध घुसायचा. पुण्याच्या लेनवर मात्र तेलाचा थर. तिथं बॉल नुसता घसरत गेला, वळायचं नाव घेईना. तेल दाट असलं की बॉल सरळ पळतो, विरळ असलं की आधीच वळतो, आणि ते ओळखून खेळणाऱ्यानं आपली जागा बदलायची असते, हे तिला हरल्यावर कळलं. कळायची ही काय वेळ!

म्हणून यंदा तिनं लेनचं खास तेल मागवलं होतं. एके दिवशी अप्पा म्हणाले, "लेनला तेल लावलंय बघ," आणि ती हरखून गेली. त्या दिवशी बॉल असा काही गेला की तिला पुन्हापुन्हा टाकावासा वाटला. आधी सुळकन घसरायचा, मग शेवटी झोकात वळायचा. दोन दिवसांत तिनं पावलांची नवी जागा पक्की केली.

मग सगळं बिनसलं. बॉल अर्ध्यातच पकड घ्यायला लागला, भलतीकडे वळून कडेच्या नालीत पडायला लागला. तिनं जागा बदलली, मनगट सैल सोडलं, आवळलं. काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले हाताला काही झालेलं नाही, तरी तिनं मनगटाला पट्टी बांधली. माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला की डॉक्टरचंही पटत नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, "अप्पा, माझा हात गेलाय. मी न्हाई जात पुण्याला."

अप्पा भाकरी कुस्करत राहिले. "तुझी मर्जी, बाई," एवढंच बोलले.

सकाळी ती बॉल पिशवीत घालून ठेवायला म्हणून पुसू लागली, तर फडकं बोटांना चिकटलं. बॉलवर पिवळसर, ताणलं की तुटणारी साय. वासावरून काही कळलं नसतं, कारण त्या सगळ्या आवारालाच जन्मभर करडीचा वास. पण ही साय तिच्या ओळखीची होती. घाण्यावरच्या डब्यांच्या तोंडाशी तेल वाळून अशीच धरायची, आणि लहानपणी ती नखानं खरवडत बसायची.

ती तशीच फडकं घेऊन घाण्यावर गेली. अप्पा नुकतेच पूजा उरकून, कपाळाला विभूती लावून बसले होते.

"अप्पा, लेनला कोणतं तेल लावलं तुमी?"

"आपलंच की. तुझं ते यायला उशीर झाला. म्हणलं, तेलवाल्याच्या घरात तेलावाचून पोरीचं अडायलंय, हे बरं दिसतं का?"

"करडीचं तेल वाळलं की चिकटतं. तुमाला ठाऊक न्हाई?"

"लावताना ध्यानात आलं न्हाई."

"मग कधी आलं?"

अप्पांनी मान खाली घातली. "तू पट्टी बांधलीस त्या दिवशी. लेनवर हात फिरवून बघितला. चिकट लागला."

"आणि बोलला न्हाई? मी हात गेला म्हणून रडायले, अन् तुमी बघायलाव?"

"शिवकुमारला मीच स्टेशनवर सोडलं होतं. दर सणाला येतो म्हणला. आता नुसता फोन येतो." अप्पांनी मान वर केली नाही. "तू जात न्हाई म्हणलीस, अन् मला बरं वाटलं, बाई. लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू."

तेलाची चूक ती आयुष्यभर हसून सांगू शकली असती. याला हसायचं कसं? तिला संताप आला, आणि त्याच वेळी हा म्हातारा माणूस या मोठ्या आवारात एकटा जेवायला बसलेलाही दिसला. संताप त्यानं कमी झाला नाही, उलट जास्तच झाला.

ती गोदामात गेली. थोड्या वेळानं अप्पा गरम पाण्याची बादली आणि धुण्याचा सोडा घेऊन मागून आले. दोघांनी फडकी घट्ट पिळून लेन घासायला घेतली. लाकूड कोरडं झालं तेव्हा ऊन पार दारापर्यंत आलं होतं.

तिनं पट्टी सोडली आणि बॉल टाकला. त्यानं नेहमीच्या जागी पकड घेतली, वळला आणि पिना उधळल्या. हात होता तसाच होता. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं.

पलीकडच्या टोकाला अप्पा वाकून एकेक पिन उभी करत होते.

"मी जायलेय रविवारी," ती तिथूनच ओरडली. "अन् मला लय राग आलाय तुमचा. परत आले तरी जायचा न्हाई."

हातातली पिन तशीच धरून अप्पा म्हणाले, "राहू दे राग. परत ये म्हंजे झालं."