जांभळ्या काड्या

“मावशी, या इकडे. डोळा लावा,” लॅबवाल्या बाई म्हणाल्या.

मावशींनी ॲप्रनला हात पुसले. सत्तावीस वर्षं त्या हॉस्पिटलातली ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करत होत्या, पण सूक्ष्मदर्शकात कधी डोकावल्या नव्हत्या. जंतू मारायचे, त्यांचं तोंड कशाला बघायचं?

काचपट्टीवर जांभळ्या काड्याच काड्या होत्या.

“शी! एवढे जंतू? कोणाचे?”

“एका ठणठणीत बाईचे. योनीमार्गातले. हे राखणदार आहेत, मावशी. ते आम्ल तयार करतात, त्या आंबटपणात वाईट जंतूंचं फारसं काही चालत नाही. आता ही बघा, तुमच्या सुनेची.”

या पट्टीवर काडी औषधालाही नव्हती. नुसता बारीक ठिपक्यांचा बुजबुजाट.

“ती आतून कशाने धुते का हो?”

धुते. रोज, दोन वेळा. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनीच जंतुनाशकाची बाटली तिच्या हाती दिली होती. “माझ्या घरात घाण चालायची नाही.” पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा वर तिलाच सुनावलं होतं, “धुवायचा कंटाळा केला असशील.” आता पुन्हा चौथा महिना होता.

“पहिलं बाळ... त्यानेच गेलं का?”

“ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण ती बाटली आजपासून बंद. डॉक्टर गोळ्या देतील. साधं पाणी, तेही बाहेरून.”

“राखणदार परत येतील?”

“त्यांना सुखाने राहू दिलंत तर येतील.”

सून बाहेर बाकावर बसली होती. सासूला बघताच ती उठली.

“आई, परवा एकदाच राहिलं धुवायचं. खरंच, एकदाच.”

मावशींनी तिला बसवलं, मग स्वतः शेजारी बसल्या.

“तुझं काही चुकलं नाही. धुण्यानेच बिघडलंय. बाटली माझी, चूकही माझी. तेव्हा बोलले, तेही चुकलंच.”

सून चपलेकडे बघू लागली.

“मला वाटायचं, मीच घाण आहे,” ती म्हणाली.



घरी आल्यावर त्यांनी बाथरूमच्या फळीवरची बाटली उचलली आणि संडासात रिकामी केली. फळीवर बाटलीच्या बुडाचा गोल डाग पडला होता. त्यांनी तो घासला. निघाला नाही. पुन्हा घासला. मग घासणी खाली ठेवली आणि जन्मात पहिल्यांदाच एक डाग तसाच राहू दिला.