माझ्या चाकातलं कुंकू

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेल एवढाच माझा देह. रिसोडच्या एका दवाखान्यातला मी जुना माउस. कारखान्यात मला एक शेपटी, दोन बटणं आणि मधोमध एक चाक मिळालं, आणि मी ललिताबाईंच्या हाताखाली आलो.

बाळंतपणाच्या बायांचा तक्ता त्या कॉम्प्युटरवर ठेवतात. डाव्या टोकाला नाव, पार उजवीकडे रक्तगट. बाई माझं चाक फिरवून नाव शोधतात, डाव्या हाताचं बोट पडद्यावर त्या ओळीला टेकवतात आणि माझ्याकडून तक्ता उजवीकडे सरकवतात. नाव दिसेनासं होतं, बोट तेवढं राहतं. "माह्या माउसवर माहा भरवसा हाय," असं त्या म्हणायच्या. किती बरं वाटायचं!

खंडेनवमीला बाईंचा उपास होता. त्यांनी मला मनोभावे ओलं हळदकुंकू वाहिलं.

"त्याले कुंकू कायले लावून राह्यल्या, बाई? लगन हाय का त्याचं?" कंपाउंडर शाहिद हसला.

"पोटाले देते ना तो मले. मंग?"

बाईंची भक्ती खरी होती. पण कुंकू चाकात उतरलं आणि वाळलं. पुसलं कुणीच नाही. चाक अडू लागलं, मग एकदम सुटू लागलं.

एका दुपारी राखीला बाळंतपणासाठी आणलं. रक्त थांबेना. तिचे सासरे जगदेव टेबलाशी आले. "बाई, लवकर पाहा ना वो! पोरगी हातची चालली."

बाईंनी नाव गाठलं, बोट टेकवलं. मी सरकलो आणि अडलेलं चाक कर्रकन सुटलं. तक्ता वर उडाला. बोट जागीच होतं, त्याखाली आता दुसरीच बाई होती. मला कळलं, पण मला तोंड कुठे आहे?

तिचाच रक्तगट बाईंनी चिठ्ठीवर लिहिला. ती चिठ्ठी आणि राखीच्या रक्ताचा नमुना घेऊन जगदेव वाशिमच्या रक्तपेढीत धावले. तिथे रक्त जुळवून पाहिलं, ते जुळेना. बरोबर पिशवी येईतो राखीचे ओठ पांढरे पडले होते. वाचली बिचारी.

"घाईत चुकलं असंल," शाहिद म्हणाला.

"देवानंच राखलं," म्हणत बाईंनी डोळे पुसले, आणि कृतज्ञतेनं मला पुन्हा कुंकू लावलं.

मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूची पूजा जरूर करा. पण आधी एक कोरडं फडकं फिरवा. तीही पूजाच आहे.

उद्या आयत नावाची पोर बाळंतपणाला यायची आहे. माझं चाक सकाळपासून अडलेलं आहे. सुटेल तेव्हा तक्ता किती ओळी उडेल, ते मलाही ठाऊक नाही.