गारमच्या वाढदिवसाने उघडलेलं दार

मी कुलूप बोलतोय. किल्लीचं नव्हे, आकड्यांचं. दक्षिण कोरियातल्या चॉन्ग्जू शहरातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दारावर माझी सहा वर्षं गेली. तळहात टेकवला की माझे आकडे उजळतात. बरोबर चार दाबले की मी छोटीशी धून वाजवतो आणि दार सोडतो. त्या धुनेचा मला फार तोरा होता. आता ती आठवली तरी अंगावर काटा येतो.

माझी मालकीण सोल्ही. एकटी राहायची आणि लोक मोबाइलवर वाचतात तशी कादंबरी लिहायची, आठवड्याला दोन भाग. तिचा नायक गारम, नावाडी. पोरी त्याच्यावर जीव टाकायच्या. आठ नोव्हेंबरला त्याचा वाढदिवस. त्या दिवशी वाचक कॅफे भाड्याने घेऊन केक कापायचे. जन्मालाच न आलेल्या माणसाचा! मला हसू यायचं. पण सोल्हीने माझ्यात भरले तेही हेच आकडे: एक, एक, शून्य, आठ. "हे तरी विसरायची नाही मी," म्हणाली.

आणि गेल्या एप्रिलमध्ये तिने गारमला नदीत बुडवलं.

त्यानंतर तिचा फोन शांत म्हणून राहिला नाही. बूट घालता घालता ती दारातच वाचायची. आधी नुसत्या शिव्या होत्या. मग, "त्याला परत आण, नाहीतर तूही त्याच नदीत." आणि एका सकाळी, "तिसरा मजला ना? पडदे हिरवे छान आहेत." सोल्ही तशीच पडदे ओढायला धावली.

चूक तिचीच होती. एका वाचकाने पाठवलेल्या खोक्याचा फोटो तिने आभार मानायला नेटवर टाकला होता. इथे रिकामं खोकं फेकतानासुद्धा पत्त्याचा कागद आधी खरवडून काढतात. ही नेमकी विसरली.

शेजारच्या ओकबुन मावशी पुरुषाचे बूट घेऊन आल्या. "आमच्या ह्यांचे आहेत. दारात ठेव. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटू दे."

"मावशी, कसले जुनाट आहेत हे!"

"मग नवरा जुना आहे म्हणतील! तुला काय करायचंय?"

कितीतरी दिवसांनी दोघी खळखळून हसल्या.

मंगळवारी दुपारी सोल्ही सगळ्या धमक्या छापून घेऊन पोलीस चौकीत गेली. अर्ध्या तासाने माझ्यावर तळहात टेकला. तिचा नव्हता. बोट जराही अडखळलं नाही. एक, एक, शून्य, आठ. मी धून वाजवली आणि दार सोडलं.

पंचविशीची, चष्मा लावलेली मुलगी होती. आत येऊन तिने आधी बूट काढले आणि मावशींच्या नवऱ्याच्या बुटांशेजारी नीट जोडून ठेवले. ते पाहून मी हबकलोच. चोर का कुठे बूट काढतो?

तासाभराने जिन्यात मावशींचा आवाज आला. "काय म्हणाले ग चौकीत?"

"म्हणाले, नुसतं लिहिलंयच ना, अजून घडलं तर काही नाही."

सोल्हीने दार उघडलं. समोर परके बूट. आतून टाइप केल्याचा टकटक आवाज. सोल्हीच्या खुर्चीत बसून ती मुलगी सोल्हीच्याच लॅपटॉपवर लिहीत होती.

"आलात, लेखिकाबाई? झालंच माझं. कशाला हात नाही लावला हं."

"तू... आत कशी आलीस?"

"गारमच्या वाढदिवसाने. आम्हाला सगळ्यांना पाठ आहे तो."

मावशींनी सोल्हीला बाहेर ओढलं, दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत पाठ टेकून उभ्या राहिल्या. जाताना त्या मुलीने सर्वांना वाकून नमस्कार केला. "तुम्हाला त्रास झाला," म्हणाली. एकदाही आवाज चढला नाही तिचा. मी तर थिजून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूपवाला आला. "नव्यात आकडे कोणते घालू?" सोल्हीला एकही सुचेना. आईचा वाढदिवस, शाळेतला हजेरी क्रमांक, जुन्या घराचा नंबर, सगळं कधी ना कधी तिच्या गोष्टींत येऊन गेलेलं.

तेवढ्यात संपादकांचा फोन आला.

"कालचा भाग झकास! गारम नदीतून वर येतो तिथे तर वाचक रडलेत."

"साहेब, तो मी नाही लिहिला. माझ्या घरात घुसून लिहिलाय."

"अरेरे, वाईट झालं. पण धमक्या थांबल्यात बघा. राहू दे ना तो भाग."

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. राहू दे ग बाई, सुखाने झोप.

सोल्ही लॅपटॉप घेऊन उंबऱ्यात बसली. तिने तो भाग काढून टाकला आणि तिथे लिहिलं, "हा भाग माझा नव्हता. गारम मेला आहे." मिनिटभरात फोन पुन्हा घणघणू लागला. तिने तो पालथा घातला. "साखळीही बसवा, दादा," म्हणाली आणि आपली लिहायची खुर्ची दाराकडे फिरवली.

आता मी कुलूपवाल्याच्या पिशवीत पडून आहे. वाचकहो, गोष्टीत कुणी मेलं तर खुशाल रडा, लेखकाला चार शब्द सुनावा, पुस्तक फेकून द्या. पण त्याच्या दारापर्यंत जाऊ नका. त्या दारामागे एक बाई आता खुर्चीचं तोंड दाराकडे करून लिहायला बसते.